तिठ्यावरचा राजा

अथेन्स नगरीत उतरणारा प्रवासी पहिल्याच दिवशी ॲक्रोपोलिसचा गड चढतो, पार्थेनॉनचे संगमरवरी खांब डोळे भरून पाहतो आणि उन्हाने दमून खाली उतरतो. त्याच गडाच्या दक्षिण उतरणीवर, अगदी पायथ्याशी, ढासळलेल्या दगडी पायऱ्यांचा एक मोठा अर्धवर्तुळाकार पसारा आहे. वरच्या तटावरून तो स्पष्ट दिसतो. पुष्कळ जण तेथूनच त्याचे छायाचित्र घेतात आणि पुढे जातात. हे दियोनिसस देवाचे नाट्यगृह. युरोपच्या रंगभूमीचे जन्मस्थान दाखवा असे कोणी म्हटले, तर बोट याच उतरणीकडे करावे लागेल.

आज आपण ज्या पायऱ्यांवर बसतो त्या सोफोक्लीजने मात्र पाहिल्या नव्हत्या. ही दगडी बांधणी मुख्यतः इ.स.पू. चौथ्या शतकातील, लायकर्गस नावाच्या कारभाऱ्याच्या वेळची. एस्किलस, सोफोक्लीज आणि युरिपिडीज या तिन्ही महाकवींचे प्रेक्षक त्याच्या आधीच्या शंभर वर्षांतले. ते लाकडी बाकांवर, किंवा नुसत्या उतरणीवर बसत. पुढच्या रांगेत पुजारी आणि मानकरी यांच्यासाठी ६७ संगमरवरी आसने होती, त्यांपैकी बरीच अद्याप शाबूत आहेत. मधले सर्वांत नक्षीदार आसन दियोनिससच्या पुजाऱ्याचे. समोरच्या मोकळ्या जागेला ग्रीक लोक ‘ऑर्केस्ट्रा’ म्हणत. आपल्याकडे हा शब्द ऐकला की वाद्यवृंद डोळ्यांपुढे उभा राहतो. मूळ अर्थ ‘नाचण्याची जागा’ एवढाच आहे. नाटकातला वृंद तेथे गात-नाचत असे. वृंदात प्रथम बारा माणसे असत, सोफोक्लीजने ती पंधरा केली. बोलणारे नट मात्र कधीच तिघांपेक्षा अधिक नव्हते. सारे पुरुष, साऱ्यांच्या चेहऱ्यांवर मुखवटे, आणि प्रयोग भर दिवसा, उघड्या आभाळाखाली.

वसंत ऋतू लागला, समुद्र गलबतांना मोकळा झाला, की दियोनिससचा उत्सव भरे. तीन कवींची निवड होई. प्रत्येकाने तीन शोकांतिका आणि वर एक हास्यप्रधान नाटक सादर करावयाचे, खर्चाचा भार एखाद्या धनिक नागरिकाने उचलावयाचा, आणि चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या दहा परीक्षकांनी निकाल द्यावयाचा, असा रिवाज होता. प्रेक्षकसंख्येविषयी पूर्वी चौदा-पंधरा हजारांचे आकडे सांगितले जात. अलीकडचे संशोधक पाचव्या शतकातील लाकडी नाट्यगृहासाठी पाच-सहा हजारांच्या पुढे फारसे जात नाहीत. तरीही एका नगराचे एवढे नागरिक एकाच वेळी एका जागी बसले आहेत, ही गोष्ट लहान नव्हे. नाटकापूर्वी मांडलिक नगरांकडून आलेली खंडणीची चांदी याच रंगणात मांडून दाखवीत. युद्धात पडलेल्या वीरांचे मुलगे वयात आले की नगराच्या खर्चाने चिलखत चढवून येथेच लोकांसमोर उभे केले जात.

आणि एवढे वैभव मिरवून झाल्यावर हे विजयी नागरिक शांतपणे बसून काय पाहत? एखादा थोर राजा, एखादी राजकन्या, एखादा अजिंक्य योद्धा उन्हाच्या दोन-तीन घटकांत धुळीस कसा मिळतो ते! तेही आपल्या नगराच्या नव्हे, बहुधा दुसऱ्याच्या नगरात. असे पाहण्याची गरज त्यांना का वाटली आणि ज्याचा नाश पाहावयाचा तो माणूस कसा असावा लागतो, या प्रश्नांची उत्तरे ग्रंथांत आहेतच. पण ग्रीसच्या भूमीवर चालत गेले तर ती थोडी अधिक उलगडतात.

‘दुसऱ्याच्या नगरात’ हे कलम अनुभवाने आलेले आहे. इ.स.पू. ४९४ मध्ये पर्शियनांनी मिलेटस हे ग्रीक नगर उद्ध्वस्त केले. अथेन्सशी त्याचे रक्ताचे नाते. फ्रिनिकस नावाच्या कवीने त्यावर लगेच नाटक रचले आणि प्रेक्षक ढसाढसा रडले. दुसरे कोणी असते तर कवीला डोक्यावर घेऊन नाचले असते. अथेन्सकरांनी त्याला एक हजार द्राख्मांचा दंड केला. आपली स्वतःची दुःखे आठवून दिल्याबद्दल! ते नाटक पुन्हा कोणी करू नये असेही ठरले, असे इतिहासकार हिरोडोटस सांगतो. दुःख पाहावयाचे खरे, पण एका अंतरावरून, हा धडा कवींनी घेतलेला दिसतो. पुढे एस्किलसने समकालीन युद्धावरच नाटक लिहिले, पण अंतर वेगळ्या रीतीने साधले. इ.स.पू. ४८० मध्ये सालामिसच्या खाडीत पर्शियन आरमार बुडाले, आणि आठच वर्षांनी या उतरणीवर ‘पर्शियन’ हे नाटक झाले. घटनास्थळ शत्रूची राजधानी सूसा; रडणारे सारे शत्रूचे; फाटक्या वस्त्रांनी परतणारा राजा झर्क्सीस. एस्किलस स्वतः त्या युद्धांत लढलेला होता. प्रेक्षकांतील अनेकांनी आपल्या हातांनी ती गलबते बुडविली होती. तेच लोक शत्रूच्या आईचा आक्रोश ऐकत बसले आणि त्या कवीला त्यांनी पहिले पारितोषिक दिले. समकालीन इतिहासावरची एवढी एकच ग्रीक शोकांतिका आज शिल्लक आहे.

अथेन्सहून वायव्येकडे निघाले की किथेरॉन पर्वताची रांग ओलांडून आपण बिओशियाच्या सपाट, सुपीक मैदानात उतरतो. दोन तासांच्या आतच थीब्ज येते. आजचे लोक त्याला ‘थीवा’ म्हणतात. येथे भव्य अवशेषांची अपेक्षा धरून जाणाऱ्याची निराशा होईल. प्राचीन गडावरच, कादमेयावरच, आजचे गाव बसलेले आहे. दुकाने आणि घरे यांच्या मधूनच कुंपण घातलेले खणलेले चौकोन दिसतात आणि त्यांच्या तळाशी मायसीनी काळातील राजवाड्याच्या भिंती. ईडिपसचा वाडा म्हणावयाचा तर हाच. अलेक्झांडरने इ.स.पू. ३३५ मध्ये हे नगर जमीनदोस्त केले. फक्त देवळे आणि पिंडार कवीचे घर सोडले. नव्याने सजविलेले वस्तुसंग्रहालय २०१६ मध्ये लोकांसाठी खुले झाले. येथे सापडलेल्या मातीच्या लेखपट्ट्या तेथे पाहावयास मिळतात. गावातील एका झऱ्याला ईडिपसचा झरा म्हणतात. बापाच्या रक्ताने भरलेले हात त्याने येथे धुतले अशी आख्यायिका इ.स.च्या दुसऱ्या शतकात आलेल्या पॉसेनियस या प्रवाशानेही नोंदविलेली आहे.

अथेन्सकरांनी आपल्या कितीतरी शोकांतिका या थीब्जमध्ये घडविल्या. थीब्ज हे त्यांचे शेजारी आणि बहुतेक वेळा वैरी. आपल्या घरात घडू नये असे जे जे वाटते ते शेजाऱ्याच्या घरात घडलेले पाहणे, हे मानवी स्वभावाला धरूनच झाले.

थीब्जहून पश्चिमेस, लिवाडिया मागे टाकून डेल्फायच्या दिशेने गेले की पार्नासस पर्वताच्या पायथ्याशी डोंगरांच्या खोबणीत एक जागा लागते. प्राचीन काळी तिला ‘फाटलेली वाट’ असे नाव होते. एक वाट डेल्फायकडून उतरते, एक डॉलिस गावाकडून येते आणि एक थीब्जकडे जाते. आपल्याकडे अशा जागेला तिठा म्हणतात. या तिठ्याच्या मध्यभागी, रचलेल्या धोंड्यांखाली, राजा लायस आणि त्याचा सेवक यांची समाधी पॉसेनियसने पाहिली होती. आज तेथे थांबण्यासारखे काही नाही. उजाड उतार, झुडपे आणि वाऱ्याचा आवाज. पण ग्रीक शोकांतिकेचा नायक कसा घडतो हे समजून घ्यावयाचे तर थांबावे येथेच.

कथा वाचकांच्या परिचयाची असेल. थोडक्यात उजळणी करतो. थीब्जचा राजा लायस आणि राणी जोकास्टा यांना भविष्य कळले, की मुलगा बापाचा वध करील. जन्मलेल्या मुलाचे घोटे टोचून बांधून त्याला किथेरॉनवर टाकून देण्यासाठी एका मेंढपाळाकडे सोपविले. मेंढपाळाला दया आली. त्याने ते मूल कॉरिंथच्या एका मेंढपाळाला दिले आणि ते तेथल्या निपुत्रिक राजाच्या घरी वाढले. सुजलेल्या पायांवरून त्याचे नाव ईडिपस पडले. मोठेपणी एका मेजवानीत कोणी दारूच्या नशेत म्हणाला, की तू या बापाचा नव्हेस. ईडिपस डेल्फायला गेला. देवाने त्याच्या प्रश्नाचे उत्तर दिलेच नाही, उलट सांगितले की तू बापाला मारशील आणि आईशी लग्न करशील. आईबापांना वाचविण्यासाठी त्याने कॉरिंथला परत न जाण्याचा निश्चय केला आणि तो डेल्फायहून उतरून या तिठ्यावर आला. समोरून रथ आला. वाटेवरून हटण्यावरून वाद झाला. रथातल्या वृद्धाने त्याच्या डोक्यावर पराणी हाणली. त्याने वृद्धाला आणि बरोबरच्यांना मारले. एक सेवक तेवढा निसटला. पुढे थीब्जला छळणाऱ्या स्फिंक्स राक्षसिणीचे कोडे त्याने सोडविले, लोकांनी त्याला राजा केले आणि विधवा राणी त्याला दिली.

ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट ही, की हे सारे नाटक सुरू होण्यापूर्वी घडून गेलेले आहे. सोफोक्लीजचे नाटक सुरू होते तेव्हा ईडिपस अनेक वर्षे राज्य करीत आहे, तो प्रजेचा लाडका आहे, आणि नगरात साथ पसरलेली आहे. नाटकाचे साल निश्चित नाही, पण इ.स.पू. ४३० मध्ये खुद्द अथेन्समध्ये भयंकर साथ आली, पुढच्याच वर्षी पेरिक्लीज तिने मेला, आणि नाटक त्यानंतर लवकरच झाले असावे असे बहुतेक अभ्यासक मानतात. लायसच्या खुन्याला शोधून काढा म्हणजे साथ जाईल, असा देवाचा कौल येतो. ईडिपस शोधास लागतो. रंगभूमीवर घडते ते एवढेच : शोध.

हा शोध उलटतो तो क्षण पाहावा. आंधळा द्रष्टा टायरेसियस राजालाच खुनी म्हणतो. राजा संतापतो. त्याला शांत करण्यासाठी जोकास्टा म्हणते, भविष्यांवर काय विसंबता. माझ्या पतीला मुलाच्या हातून मरण सांगितले होते आणि मेला तो तिठ्यावर, लुटारूंच्या हातून. ती धीर देण्यासाठी बोलते आणि नेमका ‘तिठा’ हा एकच शब्द राजाच्या काळजात रुततो. पुढे कॉरिंथहून दूत येतो तोही आनंदाची बातमी घेऊन : तुमचा पिता वारला, आता भय नाही. आणि राजाची उरलीसुरली भीती घालविण्यासाठी तो भोळेपणाने सांगून टाकतो, की तो तुमचा पिता नव्हताच. ॲरिस्टॉटलने या प्रसंगाचा मुद्दाम उल्लेख केला आहे. सुख द्यावयास आलेल्या माणसाच्या हातून घात व्हावा, यालाच त्याने नाटकातील ‘पालट’ म्हटले.

ॲरिस्टॉटलचे नाव आले तेव्हा त्याच्या प्रसिद्ध व्याख्येकडे वळले पाहिजे. तो इ.स.पू. ३८४ मध्ये जन्मला, म्हणजे सोफोक्लीजच्या मृत्यूनंतर सुमारे वीस वर्षांनी. ‘काव्यशास्त्रा’त तो म्हणतो, की अत्यंत सद्गुणी माणूस संकटात पडलेला दाखवू नये, त्याने मन विटते, दुष्टाचा नाशही दाखवू नये, त्याने ना करुणा उपजते ना भय. या दोहोंच्या मधला, आपल्यासारखाच पण कीर्ती आणि ऐश्वर्य यांच्या शिखरावरचा माणूस घ्यावा, आणि त्याचे पतन दुर्वृत्तीमुळे नव्हे, तर एका ‘हामार्तिया’मुळे व्हावे. उदाहरण म्हणून तो ईडिपसचेच नाव घेतो.

या एका शब्दावर जेवढी शाई खर्ची पडली तेवढी क्वचितच दुसऱ्या शब्दावर पडली असेल. कित्येक पिढ्या शाळा-महाविद्यालयांतून त्याचा अर्थ ‘नायकाच्या स्वभावातला दोष’ असा शिकविला गेला. ईडिपस तापट, म्हणून बुडाला. अँटिगनी हट्टी, म्हणून मेली. असे हिशेब विद्यार्थी आजही वहीत लिहितात. मूळ क्रियापद धनुर्धराचे आणि भालाईताचे आहे. होमरच्या काव्यात भाला लक्ष्याला न लागता बाजूला गेला की तेच वापरले जाते. ‘नेम चुकणे’ हा आपला वाक्प्रचार त्याला जितका जवळ आहे तितका ‘दोष’ हा शब्द नाही. नेम चुकणारा माणूस वाईट असतो असे नाही. कित्येकदा तो उत्तम धनुर्धर असतो, फक्त लक्ष्य त्याला वाटले तेथे नसते. ईडिपसने बापाला वाचविण्यासाठी बापाच्या दिशेनेच पाऊल टाकले. यात स्वभावदोष शोधणे म्हणजे बिचाऱ्याला दोनदा शिक्षा करणे होय.

अनुवादाच्या कामात दिवस काढणाऱ्याला आणखी दोन शब्द अडवितात. पहिला ‘शोकांतिका’. मराठीत तो रूढ झाला आहे आणि या लेखातही तोच वापरला आहे. पण ग्रीक शब्दाचा वाच्यार्थ ‘बोकडाचे गाणे’, त्यात ना शोक आहे ना अंत. एस्किलसची इ.स.पू. ४५८ ची ‘ओरेस्तिया’ ही नाट्यत्रयी न्यायालयातील निर्दोष सुटकेने आणि नगराच्या जयघोषाने संपते. सोफोक्लीजचा फिलोक्टेटीस अखेर बरा होण्यासाठी निघतो. शेवट शोकपूर्ण असलाच पाहिजे असा नियम ग्रीकांनी कधी केला नाही. मराठी वाचकाला या विषयात शिरावयाचे असेल तर विंदा करंदीकरांनी केलेला ‘काव्यशास्त्रा’चा अनुवाद १९५७ पासून उपलब्ध आहे, आणि पु. ल. देशपांडे यांचे ‘राजा ओयदिपौस’ १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले.

दुसरा शब्द ‘नायक’. भरतमुनींच्या परंपरेतला धीरोदात्त नायक आपल्या मनात इतका खोल बसला आहे की आपण त्याच मापाने ईडिपसला मोजू पाहतो. गंमत अशी, की ‘शोकनायक’ या अर्थाचा शब्द ॲरिस्टॉटलच्या ग्रंथात सापडत नाही. त्याच्या दृष्टीने कथानक प्रधान, माणूस त्याच्या मागून. आणि ‘हिरो’ या ग्रीक शब्दाचा अर्थ तर निराळाच होता. हिरो म्हणजे पूर्वी होऊन गेलेला, आपल्या समाधीतून गावाचे रक्षण किंवा घात करू शकणारा सामर्थ्यवान पुरुष. त्याच्या समाधीवर नैवेद्य वाहावयाचा, त्याचा कोप होऊ द्यावयाचा नाही. वेशीवरच्या वीरगळाला शेंदूर लावणाऱ्या आपल्या खेडुताला ही कल्पना एखाद्या प्राध्यापकापेक्षा लवकर कळेल. असा पुरुष सज्जन असलाच पाहिजे, अशी अट नव्हती.

मग नायक होतो तो कशाने? प्रस्तुत लेखकाला वाटते, की उत्तर त्या शोधातच आहे. टायरेसियस ईडिपसला म्हणतो, विचारू नको. जोकास्टा सत्य ओळखते आणि विनवते, थांब. शेवटी आणलेला म्हातारा मेंढपाळ पाया पडतो, पुढचे विचारू नका. तीन वेळा दार उघडे होते. डेल्फायच्या देवाने सांगितले होते ते पित्याचा वध आणि मातेशी विवाह. शोध घे, असे भविष्य नव्हते. टायरेसियस अंधत्वाचे भाकीत करतो खरे, पण ते घडवून आणणारी सक्ती तो सांगत नाही. खरे कळल्यावर ईडिपस स्वतःचे डोळे फोडतो आणि सांगतो, की दुःखे ॲपोलोने दिली परंतु डोळ्यांवर वार करणारा हात माझा. जे नशिबाने घडले त्यावर त्याने स्वतःच्या हाताची मुद्रा उमटविली. बर्नार्ड नॉक्स या विद्वानाने १९६४ च्या आपल्या ग्रंथात सोफोक्लीजच्या नायकांचे हेच लक्षण मांडले : सारे आप्तेष्ट ‘जरा नमते घे’ म्हणतात आणि हा एक माणूस नमत नाही. अजॅक्स, इलेक्ट्रा, फिलोक्टेटीस, सारे याच घडणीचे.

अँटिगनीच्या नाटकात मात्र या लक्षणाची आणि ॲरिस्टॉटलच्या व्याख्येची टक्कर होते. ईडिपसची ही कन्या राजाज्ञा मोडून भावाच्या प्रेतावर माती टाकते आणि जिवंतपणी गुहेत कोंडली जाते. तिचा नेम कोठेच चुकत नाही; आपण काय करतो आणि त्याचे काय होईल हे तिला पहिल्या प्रवेशापासून ठाऊक आहे. ज्याचा नेम चुकतो, ज्याला उशिरा जाग येते, ज्याचा पुत्र आणि पत्नी एकाच दिवशी आत्महत्या करतात आणि जो अखेरीस रंगभूमीवर मोडून उभा राहतो, तो राजा क्रेऑन. व्याख्येच्या फूटपट्टीने मोजले तर नायक तो ठरतो. ती मुलगी तर नाटक बरेच शिल्लक असताना निघून जाते, परत येत नाही. तरीही अडीच हजार वर्षांत कोणाला क्रेऑनसारखे व्हावेसे वाटलेले नाही.

आणि युरिपिडीज तर दोन्ही सूत्रे बाजूस सारतो. इ.स.पू. ४१६ च्या सुमारास अथेन्सने मेलॉस हे छोटे बेट जिंकले, प्रौढ पुरुषांची कत्तल केली आणि बायकामुलांना गुलाम म्हणून विकले. दुसऱ्याच वसंतात या उतरणीवर ‘ट्रॉयच्या स्त्रिया’ हे नाटक झाले. त्यात जळणाऱ्या नगरासमोर बसलेल्या विधवा आहेत, तटावरून फेकून मारलेले एक मूल आहे. यांच्यापैकी कोणाचा नेम चुकला? नेम धरण्यासाठी त्यांच्या हाती काही होतेच कोठे? परीक्षकांनी त्याला दुसरे पारितोषिक दिले. हातून कत्तल घडलेले काही प्रेक्षक त्या दिवशी बाकांवर असलेच पाहिजेत.

एपिडॉरसचे नाट्यगृह अथेन्सच्या नाट्यगृहापेक्षा पुष्कळ चांगल्या स्थितीत आहे, आणि प्रवाशांच्या पुस्तकांत त्याचीच अधिक स्तुती असते. ५५ रांगा, पाइनच्या झाडांची पार्श्वभूमी, आणि मध्यभागी बोललेला शब्द वरच्या रांगेपर्यंत पोचतो ही ख्याती. येथे १९५५ पासून उन्हाळ्यात प्राचीन नाटकांचा महोत्सव होतो. मला अधिक लक्षणीय वाटली ती त्याची जागा : ते आरोग्यदेवता ॲस्क्लेपियसच्या स्थानात आहे, जेथे रोगी बरे होण्यासाठी येऊन राहत. अथेन्समध्येही या देवतेचे स्थान नाट्यगृहाला लागूनच आहे, आणि देवता इ.स.पू. ४२० मध्ये नगरात आली तेव्हा तिची व्यवस्था सोफोक्लीजने आपल्या घरी केली होती असे सांगतात. करुणा आणि भय यांच्या योगाने मनाची जी शुद्धी होते तिला ॲरिस्टॉटलने ‘कथार्सिस’ म्हटले. तो वैद्याचा मुलगा होता, आणि हा शब्द वैद्यकातही चालत असे.

अखेर कोलोनस. सोफोक्लीजचा जन्म येथला, इ.स.पू. ४९६ च्या सुमाराचा. त्याच्या काळी हे अथेन्सबाहेरचे खेडे होते, ऑलिव्हच्या झाडांचे आणि नाइटिंगेलच्या गाण्याचे. आज ती अथेन्सची दाट वस्ती आहे. चारी बाजूंनी इमारती आणि मध्ये झाडी असलेली एक बुटकी टेकडी. तिच्यावर दोन संगमरवरी थडगी दिसतात, ती मात्र अर्वाचीन विद्वानांची : जर्मनीचा म्यूलर, मृत्यू १८४०, आणि फ्रान्सचा लनॉर्मां, मृत्यू १८५९. प्लेटोची अकादमी येथून पायी जाण्याइतकी जवळ होती. कवींना आपल्या आदर्श राज्यातून बाहेर घालविणारा प्लेटो तेथे शिकवीत होता, आणि त्याच्या हाताखाली वीस वर्षे काढलेला ॲरिस्टॉटल पुढे त्याच कवींची बाजू मांडणार होता.

नव्वदीला टेकलेल्या सोफोक्लीजने आपले शेवटचे नाटक या टेकडीवर घडविले. आंधळा, भिकारी ईडिपस अँटिगनीचा हात धरून येथे येतो आणि देवींच्या पवित्र राईत बसतो. गावकरी घाबरतात, त्याला हाकलू पाहतात. येथे तो पहिल्या नाटकात न केलेला युक्तिवाद करतो : मी अजाणता मारले, माझ्यावर हल्ला झाला होता, कोणत्याही न्यायासनासमोर मी निर्दोष आहे. एकाच कवीने एकाच माणसाला वीस-पंचवीस वर्षांच्या अंतराने दोन उत्तरे देऊ दिली, आणि दोन्हीही खरी वाटतात. अथेन्सचा राजा थीसियस त्याला आश्रय देतो. मोबदल्यात ईडिपस सांगतो, की माझी समाधी या भूमीचे थीब्जपासून रक्षण करील.

हे नाटक कवीच्या मृत्यूनंतर, इ.स.पू. ४०१ मध्ये, त्याच्याच नावाच्या नातवाने रंगभूमीवर आणले. मधल्या काळात, ४०४ मध्ये, अथेन्स युद्ध हरले होते. तटबंदी पाडली गेली होती. हे नगर समूळ नष्ट करा, अशी मागणी करणाऱ्यांत थीब्ज पुढे होते, आणि ती विजयी स्पार्टाने मान्य केली नाही म्हणून पडक्या तटामागे का होईना अथेन्सकर आपल्या उतरणीवर बसू शकले. ईडिपसचे ते अभिवचन त्यांनी ऐकले ते अशा वेळी.

समाधीची जागा कोणती, हे नाटकात फक्त थीसियसला कळते. त्याने ती मरतेवेळी आपल्या वारसालाच सांगावी आणि त्याने पुढच्याला, असा करार होतो. मुलींनासुद्धा ती दाखविली जात नाही. पॉसेनियस आला तेव्हा कोलोनसमध्ये ईडिपसचे एक पूजास्थान त्याला दाखविण्यात आले आणि अथेन्सच्या न्यायटेकडीजवळच्या देवस्थानात त्याची समाधीही. चौकस प्रवाशाने विचारपूस केली. शेवटी त्याने लिहून ठेवले, की अस्थी थीब्जहून आणलेल्या आहेत.